शिंप्याचा घोटा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या संमेलनात आरोग्यविषयक चार शब्द मी सांगावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी वैद्य नव्हे. माझे सारे आयुष्य खडू-फळ्याच्या सान्निध्यात गेले. तेव्हा औषधयोजनेची चर्चा मी करणार नाही. तो अधिकार डॉक्टरांचा. परंतु एखादा विकार कोणास जडतो व का जडतो, हे जाणून घेण्याचा अधिकार प्रत्येक गृहस्थास व गृहिणीस आहे. किंबहुना ते आपले कर्तव्यच आहे. म्हणून ज्या विकाराच्या एका प्रकारास आपल्या धंद्याचेच नाव मिळालेले आहे, असा एक विकार मी आज विवेचनासाठी निवडला आहे. त्यास वैद्यकात बर्सायटिस असे म्हणतात.

बर्सा हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ पिशवी अथवा बटवा असा आहे. मनुष्याच्या देहात असे लहानमोठे सुमारे दीडशे बटवे आहेत. जेथे जेथे हाडावरून कातडी, स्नायू अथवा स्नायूस हाडाशी बांधणारी कंडरा सरकते, तेथे तेथे घर्षण टाळण्यासाठी निसर्गाने त्यांची योजना केली आहे. एडिंबरो येथील शरीरशास्त्राचे प्राध्यापक दुसरे अलेक्झांडर मन्रो यांनी या सर्व बटव्यांचे सचित्र वर्णन करणारा ग्रंथ १७८८ साली प्रसिद्ध केला.

आपणांस ही रचना समजावून सांगणे फार सोपे आहे. कोटाला आपण साटिनचे अस्तर लावतो ते केवळ शोभेकरिता नव्हे. अस्तर नसेल तर सदऱ्यावरून बाही सरकत नाही, ओढ बसते आणि कापड विरते. बर्सा हे शरीराचे असेच एक अस्तर आहे. साटिनचे दोन गुळगुळीत तुकडे समोरासमोर ठेवावेत, चारी कडा शिवून बंद कराव्यात व आत तेलाचे दोन-चार थेंब सोडावेत, तशी ही पिशवी असते. निरोगी स्थितीत ती चपटी असते आणि तिचे अस्तित्वही आपणांस जाणवत नाही. परंतु दाब अथवा घर्षण मर्यादेबाहेर गेले, मार बसला किंवा रोगजंतू आत शिरले, म्हणजे तिचे अस्तर चिडते, सुजते व आत पाणी धरते. मग ती जागा दुखते, फुगते आणि तेथील हालचाल कठीण होते. हाच बर्सायटिस. खांदा, कोपर, खुबा, गुडघा, बैठकीचे हाड व टाच ही त्याची नेहमीची ठिकाणे होत.

आता या विकारांची जुनी नावे पाहा. गुडघ्याच्या वाटीवर सूज आली तर इंग्रज लोक तिला ‘मोलकरणीचा गुडघा’ म्हणत; कारण तेथील मोलकरणी गुडघ्यांवर ओणव्या होऊन फरशा घाशीत. वाटीच्या खालच्या बाजूस सूज आली तर तो ‘पाद्र्याचा गुडघा’. कारण पाद्री ताठ गुडघे टेकून प्रार्थना करतो व त्याचा भार थोडा खाली पडतो. कोपराच्या टोकावरची सूज ती ‘विद्यार्थ्याचे कोपर’ अथवा ‘खाणकामगाराचे कोपर’. बैठकीच्या हाडाखालची सूज ही ‘विणकराची बैठक’. आणि घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर जी मऊ गाठ येते, तिचे नाव ‘शिंप्याचा घोटा’. पायाच्या करंगळीच्या मुळाशी येणाऱ्या गाठीलाही शिंप्याचेच नाव आहे. ती आज बहुधा पायाच्या ठेवणीमुळे व अरुंद बुटांमुळे होते. तथापि नाव आपल्या माथी कायम राहिले आहे.

ही नावे काही कोणाची चेष्टा करण्यासाठी ठेवलेली नाहीत. त्यांत एक मोठे तत्त्व सामावलेले आहे. ते असे की, हा विकार कोणास होईल हे पुष्कळ अंशी तो मनुष्य कसा बसतो, कशावर बसतो आणि किती वेळ बसतो यावरून ठरते. इटलीतील मोडेना येथील बर्नार्दिनो रामाझिनी या विद्वान वैद्याने कारागिरांच्या रोगांवरील आपला लॅटिन ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला. त्यात सोनार, कुंभार यांच्याबरोबर शिंप्यांचाही विचार आहे. दिवसभर पाय दुमडून बसल्यामुळे त्यांच्या पाठी वाकतात, पाय बधिर होतात व चाल बिघडते, हे त्याने टिपून ठेवले आहे. वैद्याने रोग्यास इतर प्रश्नांबरोबर त्याचा धंदाही विचारावा, असा त्याचा आग्रह होता. आज तीनशे वर्षांनंतरही हा प्रश्न विचारला जातोच असे नाही. म्हणून डॉक्टरांनी न विचारल्यास आपण होऊन त्यांस सांगावे की, आम्ही शिलाईचे काम करतो व दिवसाचे इतके तास अमुक रीतीने बसतो.

आपल्या धंद्याचा इतिहास पाहिला तर दुखणे कसे जागा बदलते हेही दिसून येते. पूर्वी सारे काम हातशिलाईचे. मांडी घालून बसावे, मांडीवर कापड घ्यावे व दिव्यापर्यंत टाके घालीत राहावे. या बैठकीत घोट्याचे बाहेरचे हाड सतत जमिनीवर घासते. खेड्यातील सारवलेली जमीन व तीवर अंथरलेली घोंगडी थोडी तरी नरम असे. शहाबादी फरशीवर सतरंजीची एकच घडी टाकून बसणाऱ्याच्या घोट्याला ते सुख नाही. येथे एक नवलाची गोष्ट सांगतो. घोट्यावरील बर्सा जन्मतः नसते. एकाच जागी सतत घर्षण होऊ लागले, म्हणजे शरीर स्वतःच तेथे नवी पिशवी तयार करते. आपण पँटच्या गुडघ्याला आतून जोड लावतो ना, तसाच हा जोड. परंतु जोडही अखेर झिजतोच.

पुढे अमेरिकेत आयझॅक सिंगर यांनी आपल्या शिलाई यंत्राचे पेटंट १८५१ मध्ये घेतले आणि कालांतराने पायमशीन आपल्याही घरोघरी आले. शिंपी जमिनीवरून उठून स्टुलावर बसला. घोट्याला विसावा मिळाला, पण भार बैठकीच्या हाडांवर आला. लाकडी स्टूल, त्यावर आठ-दहा तास बैठक आणि पायांची अखंड हालचाल, यांमुळे विणकराचा विकार शिंप्याकडे आला. कोपर टेकण्यास मशीनची कड मिळाली, तेव्हा कोपरही त्यात आले. कापणारास व इस्त्री करणारास वेगळेच भोग. टेबल उंच असेल तर जड इस्त्री फिरविताना हात पुनःपुन्हा खांद्याच्या पातळीपर्यंत जातो आणि खांद्याच्या हाडाखालची बर्सा रगडली जाते. फळ्यावर लिहिणारे आम्ही मास्तर लोक याच खांद्याच्या दुखण्याचे धनी. तात्पर्य, यंत्र आले म्हणून विकार गेला असे झाले नाही; त्याने फक्त आपले बिऱ्हाड हलविले.

आता या विकारास पोषक होणारी कारणे मी क्रमाने सांगतो.

पहिले कारण दाब. हाडाचा उंचवटा व कठीण पृष्ठभाग यांमध्ये सापडलेली पिशवी चेमटली जाते.

दुसरे कारण एकाच हालचालीची पुनरावृत्ती. कपडे वाळत घालणे, भिंती रंगविणे, इस्त्री करणे अशा कामांत प्रत्येक हालचाल स्वतंत्रपणे निरुपद्रवी असते. परंतु ती सहस्र वेळा घडली म्हणजे अस्तर विरते.

तिसरे कारण आघात. कोपरावर अथवा गुडघ्यावर एकदाच जोराने पडले तरी पिशवीत रक्त साकळून सूज येऊ शकते.

चौथे कारण वय. चाळिशीनंतर कंडरा झिजू लागतात, त्यांची लवचीकता कमी होते, आणि ज्या श्रमांचे तरुणपणी काही वाटले नाही, ते श्रम बाधू लागतात.

पाचवे कारण शरीराचा भार व चाल. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे मध्यम वयाच्या स्त्रियांत अधिक आढळते. दोन पायांच्या लांबीत फरक असणे, कमरेचे जुने दुखणे, वाढलेले वजन, यांमुळे चालताना भार वाकडा पडतो. गुडघ्याच्या आतल्या बाजूस, वाटीच्या थोडे खाली, अशीच एक सूज येते. स्थूलता, मधुमेह व गुडघ्याचा झिजेचा संधिवात असलेल्या स्त्रियांत ती विशेष दिसते.

सहावे कारण इतर रोग. आमवातासारखा सांध्यांचा दाह अथवा रक्तातील यूरिक आम्ल वाढून होणारा गाऊट हा विकार, यांमध्ये केवळ सांधेच नव्हे तर या पिशव्याही सुजतात. गाऊटमध्ये यूरिक आम्लाचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक पिशवीत जमतात. कोपर हे त्याचे आवडते ठिकाण.

सातवे कारण सर्वांत गंभीर असून ते म्हणजे जंतूंचा प्रवेश. कोपर व गुडघा येथील बर्सा कातडीच्या अगदी लगत असतात. खरचटले, चीर पडली, की तेथून जंतू आत जातात. यांत स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू प्रमुख आहे. मधुमेह असलेले, मद्यपानाचे व्यसन असलेले, स्टिरॉइडची औषधे दीर्घकाळ घेणारे व ज्यांची प्रतिकारशक्ती अन्य कारणाने क्षीण झाली आहे असे लोक, यांना हा धोका अधिक. गाठ लाल व गरम होणे, तीव्र ठणका लागणे, लाली पसरत जाणे, ताप अथवा हुडहुडी भरणे, ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ते पिशवीतील पाणी निर्जंतुक सुईने काढून तपासतात व त्यानुसार औषध देतात. विलंब झाला तर जंतू रक्तात पसरून प्राणावर बेतू शकते.

येथे माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या हाताशी सुई सदैव असते. म्हणून ती गाठीत खुपसून पाणी काढण्याचा मोह कोणीही होऊ देऊ नये. साध्या सुजेचे जंतुदोषात रूपांतर करण्याचा याहून सोपा मार्ग नाही. तीच गोष्ट बिब्बा लावण्याची व डाग देण्याची. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात, आणि तुटलेली कातडी म्हणजे जंतूंस उघडे दार. अंगदुखीवर बिननावाच्या पुड्या देणारे लोकही गावोगाव आहेत. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळून आले आहे. त्याने चार दिवस हलके वाटते. परंतु आतला जंतुदोष झाकला जातो आणि मधुमेह्याची साखर चढते.

जेरोम या इंग्रज विनोदी लेखकाच्या १८८९ सालच्या एका पुस्तकात एक गृहस्थ वैद्यकाचा ग्रंथ वाचतो आणि ‘मोलकरणीचा गुडघा’ सोडून जगातील यच्चयावत् रोग आपल्याला झाले आहेत, अशी त्याची खात्री होते. माझे भाषण ऐकून आपलीही तशी अवस्था होऊ नये! घोटा दुखला की तो बर्सायटिसच, असे समजण्याचे कारण नाही. निदान डॉक्टरांवर सोपवावे. पण राहिलेली गाठ दाखवून घ्यावी, एवढे मात्र खरे.

आतापर्यंत सांगितलेली कारणे शरीराची झाली. परंतु एक कारण शरीराबाहेरचे आहे आणि ते कोणत्याही डॉक्टरच्या यादीत सहसा येत नाही. आपल्याकडे मजुरी नगावर मिळते. जितके नग, तितके पैसे. लग्नसराई, दिवाळी आणि जून महिन्यातील शाळेचे गणवेश, या दिवसांत कारागीर सकाळी जो बसतो तो रात्री उठतो. मध्ये उठून पाय मोकळे करणे म्हणजे एक बाही कमी होणे, असा त्याचा हिशेब असतो. दुखते हे तो मालकास सांगत नाही, कारण काम दुसऱ्याकडे जाईल. घरी सांगत नाही, कारण घरच्यांना घोर लागेल. मग एके दिवशी गुडघा वाकत नाही, खांदा उचलत नाही, आणि ऐन हंगामात तीन-चार आठवडे घरी बसावे लागते. वाचविलेली मिनिटे अशा रीतीने व्याजासकट परत द्यावी लागतात. इंग्लंडमध्ये खाणकामगारांच्या गुडघ्याची व कोपराची ही सूज १९०७ साली धंद्यामुळे होणारा विकार म्हणून कायद्याने मान्य झाली व त्याबद्दल नुकसानभरपाईचा हक्क मिळाला. तेथील समाजाने हे दुखणे मजुराच्या नशिबावर न ढकलता कामाच्या खाती मांडले. आपल्या लहान दुकानांतून असा हक्क कोण मागणार? तेथे मालकही आपला, कारागीरही आपला, आणि पुष्कळदा दोघे चुलते-पुतणे. म्हणून येथे कायद्याआधी आपुलकीने काम झाले पाहिजे.

भगिनींविषयी दोन शब्द स्वतंत्रपणे बोलणे मला अवश्य वाटते. दुपारी घरकाम आटोपले की आपल्या माता-भगिनी साडीला फॉल लावणे, तुरपाई, काज-बटण ही कामे घेऊन जमिनीवर बसतात. त्यापूर्वी गुडघ्यांवर बसून फरशी पुसलेली असते, धुणे झालेले असते. पुरुषाचा धंदा एक, स्त्रीचे धंदे दोन. आणि दुसऱ्यास धंदा म्हणण्याची आपली रीत नाही. त्यामुळे तिचा गुडघा दुखला तर ‘वय झाले’ एवढ्यावर विषय संपतो. वय हे कारण आहे, हे मी वर सांगितलेच. परंतु वयावर इलाज नाही आणि फरशीवर आहे. लांब दांड्याचे पुसणे आणि गुडघ्याखाली जाड घडी, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

माझे वडील हातशिलाई करीत. त्यांच्या घोट्यावर लिंबाएवढी गाठ होती. आम्ही मुले तिला बोट लावून पाहत असू आणि ते हसून म्हणत, “ही आपल्या धंद्याची मोहोर.” कष्टांचा हा अभिमान मला पूज्य आहे. त्या मोहोरेवरच आमचे शिक्षण झाले. परंतु पुढच्या पिढीने तीच मोहोर अंगावर वागवलीच पाहिजे असे नाही. कसबाचा वारसा बोटांत असतो. तो घोट्यावरच्या गाठीत नसतो.

उपाय सांगतो ते साधे आहेत. जमिनीवर बसणाऱ्याने घोट्याखाली कापसाची गादी अथवा दुहेरी गोधडी घ्यावी व मांडी वरचेवर बदलावी. स्टुलावर चांगली जाड गादी असावी, आणि स्टुलाची उंची अशी असावी की तळपाय सपाट टेकावेत. मशीनच्या कडेवर कोपर टेकू नये. इस्त्रीचे टेबल कमरेच्या बेताचे असावे. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठावे, पाच-पंचवीस पावले टाकावीत. वजन आटोक्यात ठेवावे, मधुमेह असल्यास साखर तपासत राहावी, खरचटलेली जागा साबणाने धुऊन झाकावी. सूज आलीच तर प्रथम त्या जागेवरील दाब काढावा, तिला विश्रांती द्यावी, फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने थोडा वेळ शेकावे. जंतुदोष नसेल तर बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते. परंतु बैठक तीच राहिली, तर ते पुन्हा येते.

अखेरीस मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. ज्या ज्ञातिबंधूंची दुकाने अथवा कारखाने आहेत, त्यांनी येत्या दिवाळीपूर्वी प्रत्येक कारागिराच्या बैठकीस एक जाड गादी द्यावी. तिला लागणाऱ्या चिंध्या आपल्याच दुकानात पडलेल्या असतात. दुसरे, हंगामात सकाळ-दुपार दहा मिनिटांची सुट्टी मालकाने स्वतः उठून पाडावी. मालक उठल्याखेरीज कारागीर उठत नाही. तिसरे, पुढील वार्षिक संमेलनात जेवणापूर्वी रक्तातील साखर तपासण्याची सोय मंडळाने करावी, व त्या रांगेत स्त्रियांस प्रथम स्थान द्यावे.

गिऱ्हाईक आले की आपण त्याच्या अंगाचे माप घेतो. छाती, कंबर, बाही यांत सुताचा फरक पडू देत नाही. परंतु आपल्या स्वतःच्या बैठकीचे माप आपण कधी घेतले आहे काय? आज घरी गेल्यावर प्रत्येकाने ते एकवार घ्यावे, आपल्या वडीलधाऱ्यांचे व घरातील स्त्रियांचेही घ्यावे, एवढीच माझी प्रार्थना आहे.